नॉर्मन थॉमस : सहा पराभव आणि एक सोयीस्कर निकाल

आजचा विषय अमेरिकेतला आहे, आणि ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव आपल्याकडे फारसं निघत नाही. नॉर्मन थॉमस. समाजवादी पक्षातर्फे हे गृहस्थ अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी सहा वेळा उभे राहिले. १९२८, ३२, ३६, ४०, ४४ आणि ४८. सहाही वेळा पडले. पडले म्हणजे थोडक्यात हुकलं असं नव्हे बरं का. एकाही राज्यात ते पहिले आले नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर दर वेळी डिपॉझिट जप्त. तिथे अर्थात डिपॉझिट नसतं. त्याऐवजी प्रत्येक राज्यात निराळ्या नियमांनी सह्या गोळा करून मतपत्रिकेवर नाव आणावं लागतं, आणि छोट्या पक्षाचा निम्मा जीव त्यातच जातो.

आकडे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांची अडचण नको. १९२८ मध्ये सुमारे २ लाख ६७ हजार मतं. १९३२ मध्ये ८ लाख ८४ हजार, हा त्यांचा सर्वोच्च आकडा. १९३६ मध्ये एकदम १ लाख ८८ हजार. १९४० मध्ये १ लाख १६ हजार, १९४४ मध्ये ८० हजारांच्या आसपास, आणि शेवटच्या खेपेला थोडी उचल खाऊन १ लाख ३९ हजार. आता ८ लाख ८४ हजार हा आकडाही फार मोठा मानू नका. त्यांच्या आधी यूजीन डेब्ज हे समाजवाद्यांचे पुढारी पाच वेळा उभे राहिले होते. १९१२ मध्ये त्यांना ९ लाखांवर, म्हणजे जवळजवळ सहा टक्के मतं मिळाली. १९२० मध्ये तर अटलांटाच्या तुरुंगातून उभे राहून त्यांनी पुन्हा ९ लाखांचा टप्पा ओलांडला. मधल्या काळात स्त्रियांना मताधिकार मिळाला होता, मतदारसंख्या खूप वाढली होती. त्यामुळे थॉमस यांचे १९३२ चे पावणेनऊ लाख टक्केवारीत सव्वादोनच्या आसपास भरतात. महामंदीच्या ऐन मध्यावर, लाखो माणसं बेकार असताना!

एवढं हरलेल्या माणसाबद्दल इतिहासाने जो निकाल दिला आहे, तो मात्र फार गोड आहे. तो असा, की थॉमस हरले, पण त्यांचे विचार जिंकले. बेकारी विमा, वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन, किमान वेतन, कामाचे तास, बालमजुरीबंदी या साऱ्या मागण्या समाजवाद्यांच्या जाहीरनाम्यात होत्या, त्या पुढे रूझवेल्ट यांनी अमलात आणल्या. म्हणजे उमेदवार पडला, पण कार्यक्रम निवडून आला. सगळेच खूश. हा निकाल मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे सांगणं एवढंच आजचं काम आहे. तो खुद्द थॉमस यांनाही पटत नव्हता. रूझवेल्ट यांनी तुमचा कार्यक्रम उचलला ना, असं त्यांना विचारलं जाई. त्यावर त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे : हो, उचलला, पण स्ट्रेचरवर. इंग्रजीतला हा श्लेष मराठीत इतका सहज उतरतो, की तो मूळचा आपलाच वाटावा. ऐकणारे हसतात आणि पुढे जातात. मी म्हणतो, जरा थांबा. त्या स्ट्रेचरवर नेमकं कोण होतं?

त्यासाठी माणूस थोडा ओळखून घेऊ. जन्म १८८४ चा, ओहायोतल्या मॅरियन गावचा. वडील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. लहानपणी हा मुलगा गावातलं वर्तमानपत्र घरोघरी टाकत असे, आणि त्या पत्राचे मालक होते वॉरन हार्डिंग, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. योगायोग कसे असतात बघा. प्रिन्स्टन विद्यापीठात थॉमस पहिले आले. मग धर्मशास्त्र शिकून १९११ मध्ये स्वतःही धर्मोपदेशक झाले. एखाद्या श्रीमंत वस्तीतल्या चर्चची नोकरी घेऊन सुखाने राहता आलं असतं. ते गेले न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये, परदेशातून आलेल्या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत. (त्याच वर्षांत, तिथून फार लांब नसलेल्या कोलंबिया विद्यापीठात आपले डॉ. आंबेडकर शिकत होते, जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसत होते. या ड्यूईंचा उल्लेख पुढे यायचा आहे.) ईस्ट हार्लेममध्ये थॉमस यांना पहिला धडा मिळाला, की दानधर्माने दारिद्र्य हटत नाही. दुसरा धडा पहिल्या महायुद्धाने दिला. त्यांनी युद्धाला विरोध केला. धाकटे बंधू इव्हान यांनी सैन्यात जायचं नाकारलं म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. ज्या चर्चने शांततेचा संदेश शिकवला तेच युद्धाच्या बाजूने उभं राहिलेलं पाहून थॉमस चर्चपासून दूर सरकले आणि १९१८ मध्ये समाजवादी पक्षात आले. मार्क्स वाचून आलेला हा माणूस नव्हे, ही गोष्ट महत्त्वाची. ट्रॉट्स्की कुत्सितपणे म्हणत, की थॉमस स्वतःला समाजवादी म्हणवतात ते गैरसमजातून! ट्रॉट्स्कींच्या बुद्धीबद्दल आदर राखूनही म्हणावंसं वाटतं, की असे गैरसमज आणखी थोड्या लोकांचे झाले असते तर बरं झालं असतं.

डेब्ज १९२६ मध्ये वारले. पक्षाकडे चेहरा नव्हता. थॉमस उंच, देखणे, आवाज खणखणीत, हजरजबाबी. १९२४ मध्ये ते न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिलेच होते, पुढे महापौरपदासाठीही दोनदा. तेव्हा १९२८ मध्ये उमेदवारी त्यांच्याकडे चालत आली, आणि मग ती वीस वर्षं घरातून गेलीच नाही. १९३२ मध्ये त्यांच्यामागे बरेच बुद्धिवंत उभे राहिले. त्यांत जॉन ड्यूई होते. ड्यूईंचं म्हणणं असं, की दोन्ही मोठे पक्ष धंदेवाल्यांचे आहेत, तिसरा पक्ष उभा केल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांना खरं तर वेगळा, व्यापक पक्ष हवा होता. तो जमला नाही, तेव्हा त्यांच्या संघटनेने थॉमस यांना पाठिंबा दिला. तत्त्वज्ञांच्या मतांनी निवडणुका जिंकता येत नाहीत, हे मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून सांगतो आहे.

आता मुख्य मुद्दा. रूझवेल्ट सत्तेवर आले. १९३३ मध्ये शेतमालाचे भाव सावरण्यासाठी कायदा झाला. कापूस फार पिकतो म्हणून भाव पडतात, तेव्हा कमी पेरा, पडीक ठेवलेल्या जमिनीबद्दल सरकार पैसे देईल, अशी त्याची रचना होती. पैसे कोणाला? जमीनमालकाला. दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यात मालकाची जमीन कसत होती ती बटईने करणारी कुळं, गोरी आणि काळी दोन्ही. पेरा कमी म्हणजे हात कमी लागणार. करारात कलम होतं, की शक्य तितपत मालकाने पूर्वीइतकीच कुळं ठेवावीत. ‘शक्य तितपत’! कायद्यातल्या अशा शब्दांवर माणसं जगतात आणि मरतात. मालकांनी सरकारी पैसा खिशात घातला आणि कुळांना झोपड्यांतून बाहेर काढलं. शेतकऱ्याला वाचवायला केलेल्या कायद्याने सर्वांत गरीब शेतकरी रस्त्यावर आणला.

आर्कन्सॉ राज्यात टायरॉन्झा नावाचं छोटं गाव आहे. तिथे दोन समाजवादी होते. एच. एल. मिचेल यांचं कपडे धुण्याचं दुकान, आणि त्याला लागून क्ले ईस्ट यांचा पेट्रोलपंप. १९३४ च्या सुरुवातीला थॉमस तिथे गेले, झोपड्या पाहिल्या, आणि सांगितलं, की इथे समाजवादी पक्षाच्या शाखेपेक्षा कुळांची युनियन काढा. हे वाक्य ध्यानात ठेवा. पक्षाचा सर्वोच्च पुढारी सांगतो आहे, की पक्ष नको, युनियन काढा. त्या जुलैमध्ये एका मळ्यावरच्या शाळेत अकरा गोरे आणि सात काळे असे अठरा जण जमले. वेगवेगळ्या दोन युनियन काढायच्या की एकच, हा पहिलाच प्रश्न. त्यांनी एकच काढली. १९३४ साल, दक्षिणेतला प्रदेश, आणि गोरे-काळे एका संघटनेत! तिथल्या मळेवाल्यांना याचा जो संताप आला तो समजून घ्यायला आपल्याला फार लांब जावं लागणार नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये थॉमस पुन्हा तिथे गेले. बर्डसाँग नावाच्या ठिकाणी सभा होती. युनियनचे हॉवर्ड केस्टर यांनी ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ या अर्थाची सुरुवात केली, तोच मळेवाल्यांचा एक माणूस ओरडला, की इथे श्रोत्यांत कोणी भल्या घरच्या बायका नाहीत आणि व्यासपीठावर कोणी सभ्य गृहस्थ नाहीत. मग हत्यारबंद लोकांनी अध्यक्षपदाच्या या माजी उमेदवाराला व्यासपीठावरून खाली ओढलं, गाडीत कोंबलं आणि जिल्ह्याच्या हद्दीबाहेर काढलं. थॉमस वॉशिंग्टनला गेले, रूझवेल्ट यांना भेटले. या भेटीची आठवण ते पुढे सांगत असत. रूझवेल्ट यांनी धीर धरायला सांगितलं, दक्षिणेत नवी माणसं तयार होताहेत म्हणाले, आणि राजकारण मला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, असंही हसत हसत सुनावलं. ते खरंच होतं. सेनेटमधले रूझवेल्ट यांच्या पक्षाचे नेते जोसेफ रॉबिन्सन हे आर्कन्सॉचेच. त्यांना दुखवून कुठलाही कायदा पार पडला नसता. आणि ही कुळं? मत द्यायचं तर आधी मतपट्टी, म्हणजे पोल टॅक्स, भरायचा. रोख पैसा वर्षभरात हाताला न लागणारी माणसं ती. काळ्या माणसांना तर मताधिकार नावापुरताच. ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी मतांचा हिशेब करणाऱ्याने का थांबावं?

आणि आता तो स्ट्रेचर. १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला. वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन आलं, बेकारी विमा आला. समाजवाद्यांच्या जाहीरनाम्यातल्या मोठ्या मागण्या पूर्ण झाल्या, असं इतिहास सांगतो. पण त्या कायद्याने दोन प्रकारचे कामगार बाहेर ठेवले : शेतमजूर आणि घरकाम करणारे. त्याच वर्षीच्या युनियनविषयक वॅग्नर कायद्यातूनही नेमके हेच दोघे वगळले. दक्षिणेतली काळी माणसं प्रामुख्याने काय करत होती? हीच दोन कामं. म्हणजे कार्यक्रम उचलला गेला तो ज्यांच्या मतांना किंमत होती त्यांच्यापुरता. टायरॉन्झाची कुळं स्ट्रेचरवरच राहिली. म्हणून ‘थॉमस हरले पण विचार जिंकले’ हे वाक्य मला खटकतं. ते पराभूताचं सांत्वन करतं, आणि सांत्वन करता करता ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना दुसऱ्यांदा हिशेबातून वगळतं.

डॅनियल बेल या समाजशास्त्रज्ञांचा निकाल याच्या नेमका उलट आहे, आणि विद्यापीठांत तोच जास्त चालतो. १९५२ च्या आपल्या अमेरिकन समाजवादावरच्या निबंधात ते म्हणतात, की ही चळवळ जगात होती, पण जगाची नव्हती. पाया मॅक्स वेबर यांचा. वेबर यांनी १९१९ मध्ये म्युनिकला दिलेल्या व्याख्यानात दोन नीती सांगितल्या : श्रद्धेची नीती आणि जबाबदारीची नीती. श्रद्धावान माणूस योग्य ते करतो आणि परिणाम देवावर सोडतो. जबाबदार माणूस परिणामांचा भार स्वतः घेतो. बेल यांच्या मांडणीत समाजवादी पहिल्या वर्गात जातात, थॉमस त्यांचे नमुनेदार प्रतिनिधी ठरतात : प्रेषित होण्याच्या योग्यतेचे, राजकारणाला नालायक.

हे वाटप मला फार सोपं वाटतं. बर्डसाँगला परिणामांचा विचार कोण करत होतं? कायद्याचा परिणाम काय झाला हे झोपडीत जाऊन पाहणारा, की ‘धीर धरा’ म्हणणारा? धीर धरण्यालाही परिणाम असतात, फक्त ते धीर धरायला सांगणाऱ्याला भोगावे लागत नाहीत. वेबर यांना हे कळत होतं. त्यांच्या व्याख्यानाच्या शेवटी दोन्ही नीती एकाच माणसात एकत्र येतात. बेल यांच्या वाचकांनी तो शेवट नीट वाचावा.

पण म्हणून थॉमस यांना मी सोडणार नाही. त्यांचा खरा दोष वेगळा होता, आणि तो त्यांच्या चाहत्यांना आवडत नाही. त्यांना पक्ष सांभाळता आला नाही. १९३४ पासून पक्षात जुने आणि नवे असा झगडा सुरू झाला. जुने म्हणजे न्यूयॉर्कच्या शिवणकामगारांच्या युनियनांत मुरलेले, बहुतांशी ज्यू कार्यकर्ते. त्यांच्याकडे पैसा होता, वर्तमानपत्र होतं, संस्था होत्या. नवे म्हणजे मंदीने तापलेली सुशिक्षित पोरं, ज्यांना क्रांती पुढच्या आठवड्यात दिसत होती. थॉमस पोरांकडे झुकले. १९३६ मध्ये जुने बाहेर पडले. मग पक्षात ट्रॉट्स्कीवादी घेतले, आणि १९३७ मध्ये त्यांना हाकलावं लागलं. आपल्याकडच्या समाजवाद्यांच्या फुटी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सगळं अगदी घरचं वाटेल. अधिक सांगत नाही. न्यूयॉर्कमधल्या युनियनांनी तेवढ्यात अमेरिकन लेबर पार्टी नावाची एक सोय काढली. आयुष्यभर समाजवादी राहिलेल्या शिंप्याला डेमोक्रॅटिक पक्षाच्या चिन्हावर शिक्का मारताना हात थरथरे. आता त्याला कामगार पक्षाच्या रांगेत शिक्का मारूनही रूझवेल्ट यांनाच मत देता येऊ लागलं. चार वर्षांत थॉमस यांची जवळजवळ चार पंचमांश मतं गेली ती अशी.

माझं म्हणणं असं, की उमेदवारीनेच पक्ष खाल्ला. दर चार वर्षांनी एक माणूस देशभर फिरतो, भाषणं करतो, वर्तमानपत्रं त्याला प्रेमाने छापतात, विद्यापीठांत टाळ्या पडतात, आणि पक्षाला वाटतं आपण जिवंत आहोत. तो गावातून गेला की मागे काय उरतं? टायरॉन्झाला युनियन उरली, कारण तिथे त्यांनी मत मागितलं नाही. बाकी बहुतेक ठिकाणी आठवण उरली.

१९४० आणि ४१ ची गोष्ट आणखी अवघड आहे. युद्धात अमेरिकेने पडू नये, या भूमिकेपायी मे १९४१ मध्ये ते न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लिंडबर्ग यांच्याबरोबर एका व्यासपीठावर बसले. फॅसिझमचा त्यांना मनापासून तिटकारा होता, यात शंका नाही. पण हिटलर युरोप गिळत असताना त्या व्यासपीठावर जाणं ही चूक होती, आणि पहिल्या महायुद्धाचा धडा दुसऱ्याला जसाच्या तसा लावण्यातून ती झाली. वेबर इथे त्यांना पकडतात, हे मान्य करायला हवं.

आणि हाच माणूस एका वर्षाच्या आत काय करतो? १९ फेब्रुवारी १९४२ रोजी रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला. पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाचे लोक घरंदारं सोडायला लावून छावण्यांत नेले. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. पुरोगामी म्हणवणारे बहुतेक गप्प. ज्या नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या संस्थापकांपैकी थॉमस एक होते, तिच्या राष्ट्रीय मंडळानेसुद्धा आदेशालाच आव्हान देण्याचं टाळलं. थॉमस त्या मंडळावर कडाडले, सभा घेतल्या, त्याच वर्षी पुस्तिका काढली. देशपातळीवरच्या राजकीय पुढाऱ्यांत असे बोलणारे फार थोडे. या कामातून एक मत तरी मिळणार होतं का? पहिल्या पिढीतल्या जपानी माणसाला तेव्हा नागरिक होण्याचीच कायद्याने बंदी होती. ती उठली १९५२ मध्ये. १९४४ ची निवडणूक ही थॉमस यांची सर्वांत वाईट निवडणूक, आणि त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम नेमकं तिच्या आधीच्या दोन वर्षांतलं.

तेव्हा वाया गेलेलं मत कोणतं, असा प्रश्न आपण विचारतो तो मला नेहमी उलटा वाटतो. थॉमस यांना पडलेली मतं अध्यक्ष निवडायच्या दृष्टीने वाया गेली, हे खरं. पण ‘अध्यक्षपदाचे उमेदवार’ ही बिरुदावली त्यांना दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यात घेऊन गेली. ती होती म्हणून त्यांना व्यासपीठावरून ओढल्याची बातमी झाली. १९३८ मध्ये जर्सी सिटीचे महापौर फ्रँक हेग यांच्या पोलिसांनी त्यांना उचलून बोटीवर बसवून शहराबाहेर पाठवलं, त्याचीही बातमी झाली. एखाद्या बटईदाराला उचललं असतं तर कोणी ओळ छापली नसती. मतदारांनी त्यांना सत्ता दिली नाही, पण इतर माणसांसाठी वापरता येईल असं एक नाव दिलं. हा व्यवहार निवडणुकीच्या निकालपत्रात दिसत नाही, आणि ‘विचार जिंकले’ या वाक्यातही बसत नाही.

शेवटची वर्षं झटपट सांगतो. १९३७ मध्ये रशिया पाहून आल्यापासून ते स्टालिनचे कडवे विरोधक होते. त्या विरोधापायी शीतयुद्धात अमेरिकन सरकारच्या ते जरा जास्तच जवळ गेले. ते प्रमुख असलेल्या एका संस्थेला सीआयएचा पैसा आडवळणाने येत होता हे साठच्या दशकात उघड झालं. आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. विचारायला हवं होतं, एवढंच मी म्हणेन. व्हिएतनामच्या वेळी मात्र ऐंशी ओलांडलेला, डोळ्यांनी अधू झालेला हा म्हातारा पुन्हा मोर्च्यात उभा होता. ध्वज जाळू नका, धुवा, असं तो तरुणांना सांगे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६५ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला, त्याचं शीर्षकच ‘मला भेटलेला सर्वांत शूर माणूस’ अशा अर्थाचं आहे. ऐंशीव्या वाढदिवसाला चाहत्यांनी साडेसतरा हजार डॉलरचा धनादेश दिला, तेव्हा ते म्हणाले की हे पैसे फार दिवस टिकणार नाहीत, कारण ज्या ज्या संस्थेशी माझा संबंध आहे ती दिवाळखोरीच्या वाटेवर आहे. डिसेंबर १९६८ मध्ये ते गेले.

आणि १९५० सालची एक गोष्ट. त्या वर्षी थॉमस यांनी स्वतः पक्षाला सांगितलं, की अध्यक्षपदाच्या निवडणुका लढवणं आता बंद करा, शिक्षण आणि संघटनेचं काम करा. पक्षाने ऐकलं नाही. १९५२ मध्ये डार्लिंग्टन हूप्स यांना उभं केलं, त्यांना २० हजारांच्या आसपास मतं पडली. १९५६ मध्ये तेच उभे राहिले आणि आकडा दोन हजारांवर आला. १९५० मध्येच सोशल सिक्युरिटीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि नियमित कामावर असलेले शेतमजूर आणि घरकामगार पहिल्यांदा त्यात आले. पंधरा वर्षं उशिरा. बाकीच्यांना आणखी काही वर्षं थांबावं लागलं.

प्रश्न असतील तर घेऊ.